ढमीचा चढ आणि आमचे भावोजी

...आणि वर मलाच म्हणतात, "अहो मेहुणे, मग सांगायचं ना! एका शब्दानं बोलला असतात तर उठून जागा दिली असती!"

एका शब्दानं म्हणे! अहो, तो एक शब्द घुसवायला कुठं फट तर पाहिजे? आमच्या भावोजींच्या बोलण्यात फट असते का? सुई जात नाही हो, सुई! आणि सुईचं मला कळतं. मी सीटकव्हरच्या दुकानात कामाला आहे, रेक्झिन शिवतो, आमची सुई वाकडी असते, वीतभर फोमातून या बाजूनं घातली की त्या बाजूनं हसत बाहेर येते. पण भावोजी एकदा सुरू झाले की ती सुईसुद्धा बाहेरच. मग मी काय करणार? मी काही बोललो नाही.

तुम्ही म्हणाल, हा न बोलणारा माणूस, मग आत्ता काय चाललंय? तसं नाही हो. मी एरवी खरंच बोलत नाही. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचं, तर 'हजर' तोंडातून निघेपर्यंत गुरुजी दोन नावं पुढं गेलेले असायचे, म्हणजे मी बाकावर बसून रोज गैरहजर! शेवटी शाळाच सुटली. इतरही कारणं होती, ती जाऊ द्या. पण आज सांगतो, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या डोक्यातली धडधड थांबायची नाही.

तर ढमी. ढमी म्हणजे इंजिन. जुनं डिझेल इंजिन, पुढं नाकाडं आलेलं, पोट हे एवढं सुटलेलं, म्हणून ढमी. हे नाव मी ठेवलेलं नाही, ड्रायव्हरकाकांनी ठेवलंय. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. उमेदीची सगळी वर्षं ढमी चालवली त्यांनी, ती पण एकाच चढावर, खालच्या स्टेशनापासून वरच्या स्टेशनापर्यंत. मग ढमी म्हातारी झाली, तिला शेडच्या मागं गवतात उभी केली. काकाही म्हातारे झाले, खुब्याचं हाड मोडलं, लिफ्ट नाही, तेव्हापासून ते खिडकीशेजारच्या लोखंडी पलंगावर. मी संध्याकाळी दुकानातून आलो की त्यांचं दूध वर नेऊन देतो आणि शेजारी बसतो. दोघंही फारसं बोलत नाही. छान जमतं आमचं.

आता ढमीला त्या गवतातून बाहेर काढलं कुणी? आम्ही! म्हणजे आमच्या मंडळानं. मंडळात सगळी इंजिनवेडी माणसं. मास्तर आहेत, ते निवृत्त शिक्षक, मंडळाचे प्रमुख, त्यांच्याकडे रेल्वेचे इतके जुने नकाशे आहेत की बायकोचे कपडे ठेवायला कपाटात जागा नाही. दंतवैद्य आहेत, ते तोंडानं कुठल्याही इंजिनाचा हॉर्न हुबेहूब वाजवतात, आणि खुर्चीत पेशंट जबडा वासून पडलेला असताना खाली एखादी मालगाडी गेली तर पेशंट तसाच वासलेला आणि डॉक्टर खिडकीत! आणि मी. माझ्या हातून झालेलं काम म्हणजे ड्रायव्हरची सीट. स्प्रिंगा गेलेल्या, उंदरांनी आतलं सगळं खाल्लेलं, ती मी नव्यानं बांधली, वरून तपकिरी रेक्झिन, दुहेरी टाके. तेव्हापासून मंडळात मला 'सीटवाले' म्हणतात. दोन वर्षं रविवारच्या रविवार आम्ही गंज खरवडला, तेल पुसलं, रंग लावला, आणि ढमी धडधडली.

इंजिनवेडा माणूस कसा असतो ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. ढमी सुरू झाली की काळाकुट्ट धूर सोडते. साधी माणसं नाकाला रुमाल लावतात. आमची माणसं टाळ्या वाजवतात! "आहाहा, काय धूर आहे!" म्हणतात आणि छाती भरभरून आत घेतात. साधी माणसं इंजिनापासून लांबचा डबा मागतात, आवाज नको म्हणून. आमची माणसं इंजिनाला लागून असलेल्या डब्यासाठी एकमेकांचे गळे धरतात. आणि त्या डब्यात एक नियम आहे. चढ लागला की बोलायचं नाही. खिडक्या उघडायच्या, आवाज टिपायची यंत्रं बाहेर धरायची, आणि तोंड बंद. खोकला आला तर गिळायचा. मला तर हो त्या डब्यात माहेरी आल्यासारखं वाटतं! न बोलल्याबद्दल मला आयुष्यात कुणी शाबासकी दिली असेल तर त्या डब्यात.

तर ढमीची पहिली सहल ठरली. वरच्या स्टेशनावरून निघायचं, उतरत उतरत खाली जायचं, तिथं जेवायचं, आणि चढ चढत परत. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बोगदा संपतो ना, तिथं चढ एकदम उभा होतो. ढमी तिथं एकदा श्वास टाकते. वाटतं, गेली, बसली आता खाली. आणि मग ती परत श्वास धरते. तेवढं मला आणून देशील?"

आता हे कुणी मागितलं तर काय म्हणणार तुम्ही? मी मान हलवली. दंतवैद्यांनी त्यांचं जुनं ध्वनिमुद्रणाचं यंत्र दिलं, वारा लागू नये म्हणून त्याला पुढं केसाळ टोपी असते. पहिल्या डब्यातली खिडकी माझी. सगळं जागच्या जागी. आणि मग ताईला कळलं.

"एकटा जाणार तू? दिवसभर? चक्कर येऊन पडलास कुठं, तर पाणी मागायला तरी तोंड उघडशील का तू?" ही माझी थोरली बहीण. समोरच्या बोळात राहते. आणि तिच्या मागून भावोजी. "अहो मेहुणे, आम्ही पण येतो की! सुट्टीच आहे! इंजिन-बिंजिन बघू! आमच्या एका गिऱ्हाइकाचा चुलतभाऊ रेल्वेत होता, त्याच्या पायाचा नंबर एवढा मोठा की..."

भावोजी चपलांच्या दुकानात विक्रेते आहेत. दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बोलतात. माणूस सोन्यासारखा, बरं का! ते मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेला माणूस आहे तो. आता रात्रभर बोलतही होते, पण बसले होते ना! त्यांना 'नको' कसं म्हणू? आणि पहिल्या डब्यात बसवू कसं? चढावर? त्या शांततेत? मंडळानं मला ढमीखाली झोपवलं असतं!

मग मी डोकं लढवलं. मी! त्यांच्या जागा शेवटच्या डब्यात घेतल्या. अगदी शेवटच्या. ताईला म्हटलं, धूर नको, आवाज नको, तुला गाडी लागते, मागं बरं. ताई म्हणाली, "किती काळजी रे तुला!" आणि डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी काही बोललो नाही.

सहलीचा दिवस. फलाटावर ढमी उभी, नवी नवरी जशी. सुरू केली, धूर आला, आमच्या टाळ्या, मास्तरांचे डोळे भरलेले, आणि माझ्या खांद्यामागून, "अहो, हे जळतंय का काहीतरी? पाणी आणू?" मास्तरांनी असं वळून बघितलं. "कोण हे?" मी बुटांकडं बघत बसलो. भावोजींनीच सांगून टाकलं, "मी यांचा भावोजी!" आणि लगेच मास्तरांच्या पायांकडं बघून, "सर, तुमच्या उजव्या बुटाची टाच आतून झिजतेय, तुम्ही वजन चुकीचं टाकता."

गाडी निघाली. उतारच सगळा, ढमीला कष्टच नाहीत, ती नुसती डुलकी लागल्यासारखी घुरघुरत खाली निघाली. पण आमचा डबा बघायला हवा होता! सगळे खिडक्यांना चिकटलेले, कुणाच्या तोंडून अवाक्षर नाही. मास्तर कुजबुजले, "खरी गंमत परत येताना. शक्ती राखून ठेवा." अहो, ऐकायला कसली शक्ती लागते? पण आम्ही राखून ठेवली.

इथं तुम्ही मला एक प्रश्न विचारायला हवा होता. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. तुम्हीही नाही विचारलात. बरं वाटलं, म्हणजे आम्ही एकटेच बावळट नाही. प्रश्न असा, की बाबांनो, जाताना इंजिन या टोकाला आहे, मग येताना ते कुठल्या टोकाला असणार?

विचार आम्ही केला होता हो! मास्तरांनीच केला होता. खालच्या स्टेशनामागं रुळांचा एक मोठा वळसा आहे, तांब्यासारखा गोल. अख्खी गाडी त्यात शिरते आणि फिरून तोंड वळवून बाहेर येते, म्हणजे इंजिन पुन्हा पुढं, पहिला डबा पुन्हा पहिला. नकाशात स्पष्ट होतं. मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं, आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं, माना डोलावल्या. फक्त तो नकाशा ढमीच्या तरुणपणीचा होता! आजचा नकाशा बघावा असं एकाच्याही मनात आलं नाही. कसं येणार? आम्हाला आजच्या रेल्वेत रस आहे कुठं?

खाली उतरलो. मास्तर फलाटाच्या टोकाला गेले, नकाशा उघडला, समोर बघितलं, परत नकाशात बघितलं, नकाशा उलटा धरून बघितला. समोर वळसा नव्हता. समोर रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांमधली रोपं, रांगेनं, आणि मधोमध एक बाई झारीनं पाणी घालत होती. तिथले स्टेशनमास्तर पान उलटावं तितक्या शांतपणे म्हणाले, "तो रूळ? तो केव्हाच उखडला. मी नोकरीला लागायच्याही आधी."

"मग गाडी वळणार कशी?" आमच्या मास्तरांचा आवाज चिरकला.

"गाडी कशाला वळेल? इंजिन सुटेल, शेजारच्या रुळावरून मागं जाईल, आणि शेवटच्या डब्याला लागेल. सगळ्या गाड्यांचं तसंच असतं की."

सगळ्या गाड्यांचं तसंच असतं! आम्हाला ढमीचा बोल्ट न् बोल्ट पाठ, कुठल्या वर्षी कुठला रंग होता ते झोपेत विचारा, आणि हे ठाऊक नव्हतं!

मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. हळूच. शेवटच्या डब्याकडं. आणि शेवटच्या डब्याच्या शेवटच्या खिडकीतून अर्धे बाहेर आलेले, हातात उकडलेलं अंडं, ते अंडंच माझ्याकडं हलवत, "काऽऽय मेहुणे! कसा झाला प्रवास?"

मी काही बोललो नाही.

मग जी पळापळ झाली! आमची प्रौढ, शिकलेली, चष्म्याची माणसं पिशव्या घेऊन फलाटावरून त्या डब्याकडं धावताहेत, आणि दारात टीसी आडवा. "ज्याची जागा त्यानंच बसायचं." दंतवैद्य म्हणाले, "साहेब, तुमचे दात मी आयुष्यभर फुकट बघेन!" टीसीनं दात दाखवले, अख्खे, पांढरेशुभ्र, कीड नावाला नाही, आणि म्हणाला, "आपसात अदलाबदल करणार असाल तर करा." पण त्या डब्यात सगळी कुटुंबं. इंजिन आपल्या डब्याला लागतंय म्हटल्यावर पोरं नाचायला लागली, मग कोण उठतंय?

मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडं बघितलं. मग दंतवैद्यांनी बघितलं. मग सगळ्यांनीच. "सीटवाले," मास्तर म्हणाले, "ते तुमचे भावोजी ना? आपला निदान एक माणूस तिथं हवा. जा. बोला."

बोला! मला! म्हणजे पोहता न येणाऱ्याला पुलावरून ढकलून वर 'पोहा' म्हणण्यातला प्रकार! पण डोळ्यांपुढं काका आले, छताकडं बघणारे. मी गेलो. मनात घोकत गेलो. 'भावोजी, जागा बदलता का?' चारच शब्द. 'भावोजी, जागा बदलता का.' खिडकीखाली पोचलो, तोंड उघडलं, "भावोजी..."

"या या या! अगं, हा बघ आला! अंडं खाणार? चहा घ्या. अहो काय ती रोपवाटिका, बघितलीत का? तिथल्या बाईच्या चपला बघितल्यात? पाण्यात घालायच्या नाहीतच त्या, मी हाक मारून सांगितलं, बाई, रबरी घ्या! आणि ऐकलंत का, इंजिन आमच्याकडं येतंय म्हणे! तुमच्या ताईला म्हटलं, बघ, मेहुण्यानं काय विचार करून जागा घेतल्यात आपल्या! मागं म्हणता म्हणता पुढं! याला म्हणतात मनाचा मोठेपणा, स्वतः मागं राहिला आणि आपल्याला..."

"भावोजी, ते..."

"आभार मानू नका म्हणाल! नाही मानत!" आणि त्यांचा गळाच भरून आला हो! आता सांगा. त्या भरून आलेल्या गळ्यापुढं मी 'उठा' म्हणू? तेवढ्यात शेजारच्या रुळावरून ढमी आली, मागं सरकली, धाडकन लागली डब्याला, पोरं किंचाळली, शिट्टी झाली, टीसी माझ्या दंडाला धरून, "चला, आपल्या डब्यात!" माझ्या हातात ते यंत्र. मी ते खिडकीतून वर दिलं. "भावोजी, हे... जरा बाहेर धरा. चढ संपेपर्यंत."

"हे काय? उंदीर?"

"आवाज... काकांसाठी."

"काळजीच करू नका! धरतो!"

आणि पुढचा शब्द माझ्या जिभेच्या अगदी टोकावर होता. 'बोलू नका.' पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, भर फलाटावर, गळा भरून आलेला असताना, 'बोलू नका' असं कसं सांगणार हो? तुम्ही सांगाल? मी काही बोललो नाही. पळत पळत माझ्या पहिल्या, म्हणजे आता शेवटच्या डब्यात चढलो.

आणि चढ लागला. आमच्या डब्यात कडक शांतता. सगळे नियम पाळले आम्ही! यंत्रं बाहेर, तोंडं बंद, आणि कानावर काय येतंय, तर चाकं. खडखड, खडखड. आणि एक कडी कुठंतरी वाजत होती, टिंग, टिंग. ढमी तिकडं लांब पुढं ओरडत असेल, आम्हाला तिची गुणगुणसुद्धा नाही. दंतवैद्यांनी एका ठिकाणी न राहवून स्वतःच तोंडानं हॉर्न वाजवला, तर त्यांना कुणी रागावलंही नाही.

मग मोठं वळण आलं आणि अख्खी गाडी दिसली. पुढं ढमी, डोक्यावर धुराचा हा असा काळा खांब, आणि तिच्या मागच्या पहिल्याच खिडकीतून एक हात बाहेर. ताठ. केसाळ टोपी पुढं. धूर थेट अंगावर येत होता, बाकीच्या खिडक्या पटापट बंद झाल्या, पण तो हात काही हलला नाही. पुढचं वळण आलं, तरी तसाच. मास्तर चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, "माणूस निष्ठावंत आहे." मी काही बोललो नाही, पण या वेळी जरा निराळ्या कारणानं.

वर पोचलो. भावोजी उतरले ते कोपरापासून खाली काळे, आणि तोंडही अर्धंच काळं, खिडकीकडचं. "हाताला मुंग्या आल्यात, पण सोडला नाही! तुम्ही म्हणालात धरा, धरलं!" मी म्हटलं, थँक्यू. खरंच म्हटलं. दंतवैद्यांनी कानाला लावलं यंत्र, आणि मंडळ भोवती कोंडाळं करून उभं. दंतवैद्यांचा चेहरा आधी उजळला. मग डोळे बारीक झाले. मग अक्कलदाढ ठणकावी तसा चेहरा करून त्यांनी ते माझ्या कानाला लावलं.

ढमी होती. अगदी जवळ, अगदी दणकट. आणि ढमीच्याही वर, "अगं ती गाय बघ, ती कशी रुळाकडं पाठ करून उभीय, राग आलाय तिला... अहो तुम्ही कुठले? हो का? तिथं आमचं एक गिऱ्हाईक आहे, डाव्या पायाला सहा बोटं... अगं मीठ कुठंय? मीठ दे... नाही, मला नाही हलता येत, मेहुण्यानं धरायला दिलंय, तू सोल... काय आवाज आहे हो, कानात बोटं घालावीशी वाटतात, पण एक हात बाहेर आहे..." असं अखंड! बोगदा आला तर बोगद्यात, "होऽऽऽ! अगं बघ, मलाच उलटं ऐकू येतंय! होऽऽऽ!"

पुढचं ऐकवेना, मी यंत्र बंद केलं, आणि मास्तरांनी भावोजींना सांगून टाकलं की ती जागा मला हवी होती. तेव्हा ते 'मग सांगायचं ना!' म्हणाले. एका शब्दानं. आधी सांगितलंच तुम्हाला.

त्या संध्याकाळी काकांकडं जाताना वाटत होतं, सांगावं यंत्र बिघडलं. पण काका केस विंचरून बसले होते हो! पलंगावर, उशीला टेकून, स्वच्छ सदरा घालून. मग कसलं सांगणार? यंत्र उशाशी ठेवलं, लावलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो, कुणीतरी माझं मुस्काट फोडणार असल्यासारखा. गाय झाली. सहा बोटं झाली. मीठ झालं. काका डोळे मिटून. बोगदा आला, होऽऽऽ झालं. आणि बोगदा संपला. आणि...

भावोजी गप्प!

मी वळून बघितलं. नुसती ढमी. धडधड धडधड धडधड, जड होत, जड होत, आणि एकदम खाली. श्वास टाकला. मला वाटलं, गेली. काकांचा हात पलंगाच्या कडेवर होता, लोखंडी पट्टी त्यांनी घट्ट धरली होती आणि मनगट हळूहळू पुढं चाललं होतं, कुठलासा दांडा सरकवावा तसं. आणि ढमीनं श्वास धरला. ते मी तुम्हाला तोंडानं करून दाखवू शकत नाही, दंतवैद्यांनाही जमलेलं नाही. पाठीच्या कण्यातून वर चढतं ते. काकांच्या डोळ्यांतून पाणी, आणि मनगट अजून पुढं चाललेलंच. आणि मग यंत्रातून भावोजींचा आवाज, जरा गुदमरलेला, "पाणी... अगं पाणी दे... अख्खं घातलंस होय गं तोंडात!"

अंडं! ताईनं अख्खं अंडं भरवलं होतं! एक हात बाहेर, दुसऱ्यात चहा, म्हणून भरवलं! माझ्या बहिणीचे उपकार मी कुठं फेडू?

काका डोळे पुसत विचारायला लागले, "कोण आहे रे हा?" मी म्हटलं, भावोजी आहेत, चुकलं, त्यांना सांगायला हवं होतं, तुम्हाला मी बोगद्यानंतरचं तेवढं लावून देतो. तर म्हणाले, "छे छे. पहिल्यापासून लाव." मग थोड्या वेळानं, "माझ्या जोडीचा असिस्टंट असाच होता. अख्खा चढभर बडबड. मी रोज त्याच्यावर ओरडायचो, गप्प बस, मला ढमी ऐकू दे. आता ढमी आठवायला गेलं की त्याचाच आवाज आठवतो. तुझ्या त्या भावोजींना घेऊन ये एकदा."

आणलं. आता भावोजी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर वर येतात. काका आणि ते बोलतात. काका बोलतात! मी दूध ठेवतो आणि खिडकीशी बसतो.

आणि मंडळाचं काय, विचारा. अहो, बाकी सगळ्यांच्या यंत्रांत चाकं आणि ती कडी. ढमीच्या पहिल्या चढाचं जवळून टिपलेलं, नीट असं ध्वनिमुद्रण या जगात एकच आहे, आणि त्यात आमचे भावोजी आहेत! रविवारी मंडळी शेडमध्ये गोल बसतात, दिवे मंद करतात, आणि मन लावून ऐकतात. मास्तर तर शिकवल्यासारखे बोट वर करतात, "आता लक्ष द्या. गाईनंतर दुसरी चढण. मीठ. मिठाच्या मागं ऐका, ती बारीक शीळ येते ना, ती. आता बोगदा. आता अंडं." आणि अंड्याला सगळे श्वास रोखतात. दंतवैद्यांना ते संपूर्ण पाठ झालंय, ढमी आणि भावोजी दोन्ही आवाजांत. मागच्या खेपेला मला म्हणाले, "गाईचं ते वाक्य आहे ना, ते बरोबर चढणीच्या ठेक्यात पडलंय हो!"

परवा मंडळात एक नवा मुलगा आला. मास्तरांनी सगळ्यांची ओळख करून दिली. मी आपला सरळ होऊन बसलो, म्हटलं, आता सीटचं सांगतील. दुहेरी टाके, तपकिरी रेक्झिन. मास्तर म्हणाले, "आणि हे, अंडेवाल्यांचे मेहुणे."

तो मुलगा उभाच राहिला हो! माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काय सांगता! म्हणजे तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकता? रोज?"

मी म्हटलं, "हो. ऐकतो."